डबे नव्हे, सांधे

भारतीय अंतराळ स्थानकाचा विषय निघाला की बोलणं २०२८ साली पहिलं मॉड्यूल (म्हणजे स्थानकाचा एक डबा), २०३५ पर्यंत पाच, एवढ्यावर येऊन थांबतं. मॉड्यूल इस्रो बांधेल, याची मला खात्री आहे. काळजी वाटते ती दोन मॉड्यूलच्या सांध्याची. तिथे आज ठरवलेलं माप एकदा वर गेलं की बदलता येत नाही.

आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या अमेरिकी भागात यांत्रिक हात नवं मॉड्यूल हळूच तोंडाशी आणून धरतो. चार पकडी ते ओढून घेतात आणि मोटरवर फिरणारे १६ बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले जातात. एकाच बाजूचे आधी घट्ट झाले तर कडं तिरकं बसतं, सील सगळीकडे सारखं दाबलं जात नाही. एक कडं उन्हाने प्रसरण पावलेलं आणि दुसरं गारठून आकसलेलं असेल, तरी तीच पंचाईत. मग दोन दारांमधल्या पोकळीत हवा भरायची आणि दाब उतरतो का ते पाहत थांबायचं. टिकला, तरच दार उघडायचं. त्यानंतर वीज, डेटा, पाण्याच्या जोडण्या अंतराळवीर हातानेच करतात.

हे दार चौकोनी, साधारण १२७ सेंटिमीटरचं. तिथल्या डॉकिंगचं, म्हणजे यान स्वतःच येऊन जोडलं जातं त्या पद्धतीचं, गोल दार सुमारे ८०. प्रयोगशाळेचं मीटरभर रुंदीचं रॅक पहिल्यातून जातं, दुसऱ्यात अडकतं. डॉकिंगला यांत्रिक हात लागत नाही, हा मोठा फायदा आहेच. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स या डॉकिंग चाचणीतले साधारण २२० किलोचे दोन उपग्रह असेच जोडले गेले आणि पुढे एकातून दुसऱ्यात वीजही गेली, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण दार अरुंद ठेवायचं असेल तर आतलं प्रत्येक यंत्र सुटं होऊन त्यातून बाहेर निघेल असंच बनवावं लागेल. पंप बंद पडल्यावर हा विचार करून चालणार नाही.

आणि नळ्या! जानेवारी २००४ मध्ये स्थानकातली हवा कमी होत होती. अंतराळवीर मायकल फोएल यांना अल्ट्रासोनिक यंत्राने गळती सापडली ती डेस्टिनी या अमेरिकी प्रयोगशाळा-मॉड्यूलच्या खिडकीजवळच्या लवचिक नळीत. खिडकीतून बाहेर बघताना अंतराळवीर आधाराला तीच नळी धरत होते. वजनहीन अवस्थेत माणूस हाताला येईल ते पकडतो. तेव्हा दार, खिडकी, सांधा असेल तिथे आधी दांडी बसवा, आणि नळी तिच्यामागे झाकून न्या.