बर्कलीतील कराचा पैसा कुठे जातो, तेही पाहावे

साखरयुक्त पेयांवरील कर म्हणजे गरिबांच्या खिशाला कात्री, असे एका लेखात म्हटले आहे. मात्र कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचा अनुभव त्यात यायला हवा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील सुमारे ७६ टक्के मतदारांनी औंसामागे (सुमारे ३० मिलिलिटरमागे) एक सेंट कराला कौल दिला. तो वितरकाकडून वसूल होतो. ३५५ मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यावर तो बारा सेंट पडतो. त्याच डब्यात जवळजवळ दहा चमचे साखर असते, आणि तेवढी साखर एकदा वाटीत काढून पाहिली की मुलाला डबा देताना हात अडखळतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची तरतूद: आरोग्य आणि पोषण यांची जाण असलेल्या नऊ जणांची समिती निधीच्या वापराबाबत नगरपरिषदेला सल्ला देते, आणि त्यातूनच सरकारी शाळांतील परसबागांना व स्वयंपाकाच्या वर्गांना, जिथे मुले स्वतः पिकवलेली भाजी चिरून शिजवतात, पैसा मिळाला. शिवाय, कर लागू झाल्यानंतर काही महिन्यांतच शहरातील कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये अशा पेयांचे सेवन सुमारे २१ टक्क्यांनी घटल्याचे आणि पाणी पिण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.