दंडाचा प्रयोग आमच्या बडोद्यात झालाय

‘गैरहजर मुलांच्या पालकांना दंड करा, हजेरी आपोआप सुधारेल’ हे शाळेतल्या गैरहजेरीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. आपोआप? सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. त्यात पालकांना दंडही होता, खरंय. पण दंडाबरोबर गावोगाव शाळा आणि माफ फीसुद्धा होती. तेवढं तुम्ही गाळलंत.

मी इथे बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. (नवरात्रातल्या सकाळी सोडून द्या, रात्रभर गरबा खेळलेल्या पोरांना कुठला कायदा उठवणार!) चौथीतली एक मुलगी सारखी गैरहजर. महिनाअखेरीची टक्केवारी पाहून काहीच कळेना. एकदा हजेरीपट वारांच्या रकान्यांप्रमाणे, वरून खाली वाचत गेले, तर तिच्या सगळ्या दांड्या मंगळवारच्या. विचारलं तर म्हणाली, “बेन, मंगळवारी मम्मी बाजारात भाजी घेऊन बसते, भावाला कोण सांभाळणार?” भाऊ तीन वर्षांचा. घरी जाऊन आईशी बोलले, जवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घातलं. पुढच्या महिन्यात ती फक्त एका मंगळवारी चुकली, तीही तापामुळे. त्या बाईला दंड केला असता, तर तो भरायला तिला आणखी एक दिवस बाजारात बसावं लागलं असतं, आणि पोरगी आणखी एक दिवस घरी.