पुन्हा तेच स्टॅटिक लिंकिंग!

राजेहो, सांगून सांगून तोंड दुखलं माझं. ओपनएसएसएल (नेटवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) पोटात घालून बायनरी, म्हणजे प्रोग्रॅमची तयार फाइल, पाठवू नका! यालाच स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात पॅच (दुरुस्ती) आला की मी सिस्टिमची लायब्ररी अपडेट करतो, सर्व्हिसेस रीस्टार्ट करतो, काम झालं. पण या एका व्हेंडरच्या बायनरीत ओपनएसएसएलचं जुनं १.१.१ तसंच ठाण मांडून बसलेलं. एलडीडी (बायनरी बाहेरच्या कोणत्या लायब्ररी वापरते ते दाखवणारी कमांड) चालवलं तर ओपनएसएसएलच्या लिबक्रिप्टोचं नावच नाही. शेवटी स्ट्रिंग्जने (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड) शोधून काढलं. त्या आवृत्तीचा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय!

२०१४ चं हार्टब्लीड, ओपनएसएसएलमधलं ते मोठं भोक, विसरले का सगळे? एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा डेटा बाहेर जायचा, त्यात एन्क्रिप्शनच्या खाजगी कीसुद्धा सापडायच्या. तेव्हाही स्टॅटिकवाल्यांना प्रत्येक बायनरी नव्याने बिल्ड करावी लागली.

"कुठेही चालतं, व्हर्जनची भानगड नाही," म्हणे. मान्य, छोट्या कंटेनरला (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त पॅकेजला) ते सोयीचं पडतं. पण मग पॅच आला की लगेच नवं बिल्ड द्या ना! मे महिन्यातल्या ४५ डिग्रीच्या भर दुपारी व्हेंडरला तिसऱ्यांदा फोन केला, तर उत्तर काय? "पुढच्या रिलीजमध्ये बघू." पुढचं रिलीज दिवाळीनंतर. तोवर हे भोक उघडंच ठेवायचं का?