टाइमचा बाप टेम्पस नव्हे

शहापुरातल्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय : ‘लॅटिनमध्ये टेम्पस म्हणजे काळ. टाइम, टेम्पल, अटेम्प्ट, टेन्शन, टेम्पररी हे सगळे इंग्रजी शब्द त्यातूनच आले. एक मूळ पाठ करा, शंभर शब्द फुकट!’ घरातली पोरं वहीत उतरून घ्यायला लागली, म्हणून लिहितो.

टेम्पररी बरोबर. कंटेम्पररी म्हणजे समकालीन आणि एक्स्टेम्पोर म्हणजे आयत्या वेळी ठोकलेलं भाषण, हेही त्याच घरातले. बाकीचे चौघे मात्र परके.

टाइम मुळात लॅटिनच नव्हे. तो जुन्या इंग्रजीतला ‘टीमा’, जर्मानिक कुळातला, भरती-ओहोटीच्या ‘टाइड’चा भाऊबंद. ट आणि म जुळले म्हणून सोयरीक होत नाही. आपण वेळापत्रक म्हणतो, कन्नडवाले वेळापट्टी म्हणतात. तिथं नातं खरं, कारण आपली वेळ आणि त्यांची वेळे दोन्ही संस्कृत ‘वेला’च्या लेकी.

टेम्पल आलं ‘टेम्प्लुम’वरून. पक्ष्यांचे शकुन बघायला रोमन पुरोहित जी जागा आखून घ्यायचा, ती टेम्प्लुम. त्याची टेम्पसशी लावलेली जोड फॉरवर्डवाल्याची स्वतःची. अटेम्प्टमागे आहे चाचपून बघण्याचं क्रियापद, काळाशी त्याचा संबंध नाही.

टेन्शनवर मात्र मला त्याची थोडी कीव आली. व्याकरणातला टेन्स, म्हणजे आपला भूतकाळ-वर्तमानकाळवाला, खरंच टेम्पसचा; जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पण ताणलेला या अर्थाचा टेन्स ‘टेंडेरे’चा, म्हणजे ताणणे, आणि टेन्शन त्याचं. स्पेलिंग दोघांचं अगदी एकच! इथं मास्तरही घसरतात, मीही घसरलोय.

गंमत म्हणजे खरा वारस यादीत नाहीच. टेम्पसपासून इटालियन टेम्पो, म्हणजे काळ, आणि संगीतात लय. तोच जर्मनमध्ये गेला आणि वेग झाला. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याने आपल्या तीनचाकी गाड्यांना ते नाव दिलं, आणि 1958 साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोमुळे ते आपल्याकडे इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीची माल वाहणारी छोटी गाडी टेम्पोच झाली. निपाणी-खानापूरकडून भाजी घेऊन रोज पहाटे बेळगावात शिरतो, तो हाच. फॉरवर्डवाल्याच्या दारात उभा असेल, तरी त्याला दिसला नाही.