माणसाला 'लाय', वस्तूला 'ले'? हा नियम आधी वहीतून खोडा

"माणसं-जनावरांना लाय, निर्जीव वस्तूंना ले. भूतकाळ लाइड आणि लेड. खुद्द इंग्रजही फरक पाळत नाहीत." इंग्रजीतल्या लाय (एल-आय-ई, म्हणजे आडवं होणं, पडून असणं) आणि ले (एल-ए-वाय, म्हणजे आडवं करणं, ठेवणं) या दोन क्रियापदांबद्दलचा हा मेसेज कोल्हापुरात पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. परवा तो दहावीतल्या भाचीच्या वहीत लाल चौकटीत दिसला, म्हणून लिहिणं भाग पडलं.

पहिला नियम साफ चूक. कोल्हापूर पंचगंगेच्या काठी वसलंय, हे सांगताना इंग्रजीत 'लाइज'च येतं आणि शहर काही सजीव नव्हे. उलट कोंबडी अंडी घालते तिथे 'लेज'. प्रश्न कर्माचा आहे. आपल्याकडे निजणं आणि निजवणं यांत जो फरक, तोच इथे. बाळ निजतं, ते लाय. आई बाळाला निजवते, ते ले. वाक्याला 'काय?' किंवा 'कुणाला?' विचारा. उत्तर मिळालं तर ले, नाहीतर लाय.

खरं नुकसान भूतकाळात आहे. लायची रूपं लाय, ले, लेन. लेची रूपं ले, लेड, लेड. म्हणजे एकाचा भूतकाळ हुबेहूब दुसऱ्याच्या वर्तमानकाळासारखा, आणि पोरं अडकतात ती इथंच. लाइड हे रूप खोटं बोलण्याच्या लायचं. रजेच्या अर्जात 'काल दिवसभर अंथरुणात पडून होतो' असं सांगायचं असेल, तर 'आय ले इन बेड ऑल डे येस्टरडे' हवं. तिथे लाइड लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, 'काल दिवसभर अंथरुणात खोटं बोललो.' तेही रजेच्या अर्जात! 'हॅव'नंतर लेन: 'आय हॅव लेन हिअर सिन्स मॉर्निंग'.

मेसेजमध्ये लेडचं स्पेलिंग एल-ए-वाय-ई-डी दिलंय. तसा शब्दच नाही. पेचं पेड, सेचं सेड, तसं लेचं एल-ए-आय-डी. प्लेच्या वळणावर जायचं नाही.

इंग्रज लोकही मिसळतात, हे मात्र अर्धं खरं. मेरियम-वेबस्टर शब्दकोशानुसार लायच्या जागी ले वापरणं चौदाव्या शतकापासून चालत आलंय. बोलण्यात आजही सर्रास ऐकू येतं. पण पेपर तपासणारा बोलणं तपासत नाही, लिहिलेलं तपासतो, आणि तिथे 'आय ॲम लेइंग ऑन द बेड'चा मार्क जातो. हवं लाइंग, स्पेलिंग एल-वाय-आय-एन-जी.