गॉलवेची खिडकी आणि ‘लिंचिंग’ची जुळवलेली वंशावळ

‘लिंचिंग’ हा शब्द कुठून आला, हे सांगणारा एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. कधी सामान्यज्ञानाची पोस्ट म्हणून, कधी आयर्लंडच्या सहलीच्या व्हिडिओत. त्याचा गाभा असा: आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात 1493 मध्ये जेम्स लिंच महापौर होता. त्याच्या मुलाने, वॉल्टरने, घरी पाहुणा आलेल्या गोमेझ नावाच्या स्पॅनिश तरुणाचा मत्सरापोटी खून केला. बापाने मुलाला देहदंड सुनावला. फास आवळायला गावात कुणी पुढे येईना, तेव्हा बापानेच त्याला घराच्या खिडकीतून लटकवलं. ती खिडकी आजही आहे, आणि या घटनेवरूनच ‘लिंचिंग’ हा शब्द पडला. मग शेपूट जोडलेलं असतं: अमेरिकेतलं लिंचबर्ग, मेरिल लिंच ही कंपनी, फ्रान्समधल्या बोर्दोची लिंच-बाज वाइन आणि चे गेव्हारा ही सगळी त्याच घराण्याची देणगी.

यातलं काही खरं आहे, काही अर्धवट, आणि ज्याच्यासाठी मजकूर पुढे ढकलला जातो तेच विधान चुकीचं आहे. एकेक घेऊ.

“1493 मध्ये महापौराने पोटच्या पोराला फाशी दिली.”

जेम्स लिंच फिट्झस्टीफन हा माणूस होऊन गेला आणि 1493 मध्ये तो महापौर झाला, इथवर ठीक. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने 1484 मध्ये सनद दिली आणि गॉलवेला आपला महापौर निवडायचा हक्क मिळाला. तिथून पुढे 1654 पर्यंत शहर चालवलं ते चौदा व्यापारी घराण्यांनी. ब्लेक, जॉइस, मार्टिन, डार्सी वगैरे मंडळी त्यात होती, पण सर्वांत वजनदार लिंच. या काळात ऐंशीहून अधिक वेळा महापौरपद त्यांच्याकडे होतं. त्यामुळे 1493 चा महापौर लिंच होता हा कशाचाच पुरावा नाही. त्या गावात तेव्हा लिंच नसलेला महापौर सापडला असता तर ती बातमी.

फाशीची मात्र त्या काळातली नोंद मिळत नाही. गोमेझ, वॉल्टर, दोघांच्या मधली ती सुंदर मुलगी, बापलेकाचा रात्रीचा निरोप, असा सगळा मसाला घालून ही गोष्ट लोकांपुढे आली ती जेम्स हार्डिमन यांनी 1820 मध्ये छापलेल्या गॉलवेच्या इतिहासातून. म्हणजे सांगितलेल्या घटनेनंतर तब्बल 327 वर्षांनी. हार्डिमन यांना अशी दंतकथा गावात ऐकायला मिळाली असेल, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण दंतकथा जुनी असली तरी ती खटल्याचा कागद होत नाही.

मराठी वाचकाला तर ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. अहिल्याबाई होळकरांनी वासरू रथाखाली चिरडल्याबद्दल मुलगा मालेराव याला रथाखाली द्यायला निघून स्वतः लगाम हातात घेतले, आणि वासराची आई आडवी आली, ही कथा आपण ऐकलेली आहे. इंदूरचा आडा बाजार त्यावरूनच दाखवतात. प्रत्यक्षात मालेराव 1767 मध्ये आजारपणात गेला. तमिळनाडूत हेच वासरू, हाच रथ आणि हाच राजपुत्र मनुनीती चोळाच्या नावावर आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्याचा पुतळासुद्धा आहे. रोममध्ये प्रजासत्ताक उभारणारा ब्रूटस आपल्या मुलांना मारवतो. गॉलवेने ही जागा आपल्या महापौराला दिली. या कथांमधून लोकांना कसा राज्यकर्ता हवा होता ते कळतं. त्यांच्या जिवावर तारीख-वार ठोकून देता येत नाहीत.

“ती खिडकी आजही उभी आहे.”

आहे, नक्की आहे. सेंट निकोलस चर्चजवळ, मार्केट स्ट्रीटवर एक जुनी दगडी भिंत आहे. तिच्यात खिडकीची चौकट, आणि खाली काळ्या दगडावर कवटी व आडवी-उभी हाडं कोरलेली. पर्यटक फोटो काढतात तो याचाच. पण फोटोत जरा मोठं करून पाहावं: कवटीच्या दगडावर साल आहे 1624. सोबतचा मजकूर मरणाची आठवण ठेवायला आणि सगळं व्यर्थ आहे हे समजून घ्यायला सांगतो. सतराव्या शतकातल्या युरोपात थडग्यांवर आणि भिंतींवर अशा कवट्या जागोजागी कोरलेल्या सापडतात. त्यात वॉल्टर नाही, गोमेझ नाही, फासही नाही.

बापाच्या ‘कठोर, न वाकणाऱ्या न्यायाचं’ कौतुक करणारा वरचा फलक आणखी नंतरचा. पीटर डेली या धर्मगुरूच्या पुढाकाराने, नगर आयुक्तांच्या संमतीने, हे स्मारक ‘मूळ जागी पुन्हा बसवल्याचं’ त्यावर लिहिलं आहे, आणि वर्ष दिलं आहे 1854. तोवर हार्डिमन यांचं पुस्तक येऊन 34 वर्षं झाली होती. गोष्ट आधी लोकप्रिय झाली, मग तिला भिंत मिळाली. आता भिंत दाखवून गोष्ट सिद्ध केली जाते!

(काही पोस्टमध्ये फोटो शॉप स्ट्रीटवरच्या ‘लिंचेस कॅसल’चा असतो. ती घराण्याची हवेली, तिथे आता बँक आहे. तिचा या खिडकीशी संबंध नाही.)

“त्यावरूनच लिंचिंग हा शब्द आला.”

इथे खरी गल्लत आहे. या शब्दाचा माग आयर्लंडमध्ये लागत नाही. तो लागतो अमेरिकेत, व्हर्जिनियामध्ये, अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत.

चार्ल्स लिंच (1736–1796) हा तिथला जमीनदार, स्थानिक न्यायदंडाधिकारी आणि मिलिशियातला, म्हणजे नागरिकांच्या फौजेतला, कर्नल. 1780 मध्ये नैऋत्य व्हर्जिनियात ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ असलेल्या लोकांच्या उठावाचा कट उघडकीला आला. बंदुकीच्या गोळ्यांसाठी लागणारं शिसं त्याच भागातल्या खाणींतून यायचं, त्यामुळे प्रकरण नाजूक होतं. रीतसर न्यायालय दूर, युद्ध दाराशी. लिंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपलंच न्यायालय भरवलं आणि संशयितांना फटके, मालमत्तेची जप्ती, सक्तीची निष्ठेची शपथ, सक्तीची सैन्यभरती अशा शिक्षा दिल्या. हे कायद्यात बसत नव्हतं, याची त्यांनाही कल्पना असणार, कारण 1782 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला खास कायदा करून लिंच आणि मंडळींना या कृत्यांच्या दायित्वातून मोकळं करावं लागलं. त्याच वर्षीच्या एका पत्रात चार्ल्स लिंच स्वतःच ‘लिंचचा कायदा’ असा शब्दप्रयोग करतो.

दुसरा दावेदारही व्हर्जिनियाचाच आहे. पिट्सिल्व्हेनिया काउंटीतला कॅप्टन विल्यम लिंच. 1780 मध्ये त्याने शेजाऱ्यांसोबत गुंडांना परस्पर शिक्षा करण्याचा करार केला, असं सांगितलं जातं. त्या कराराचा मजकूर 1836 मध्ये लेखक एडगर ॲलन पो संपादक असलेल्या मासिकात छापून आला, आणि पो यांची खोडकर वृत्ती लक्षात घेता काही अभ्यासक त्या कागदाकडेच संशयाने पाहतात. चार्ल्स की विल्यम, यावर वाद घालता येतो. माझा कौल चार्ल्सला, कारण त्याच्या बाजूला विधिमंडळाचा कायदा आहे आणि त्याच्याच हातचं पत्र आहे. पण वाद या दोघांतला. गॉलवेचा महापौर या रांगेत उभाच राहत नाही. 1493 ते 1780 या 287 वर्षांत तो शब्द कुणी कुठे वापरला, हे त्याच्या समर्थकांना दाखवावं लागेल.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. चार्ल्सचे वडील आयर्लंडहून आले होते, तेही प्रवासखर्चाच्या बदल्यात काही वर्षं राबायच्या करारावर. म्हणजे आडनाव आयरिशच. पण आडनाव आयर्लंडहून आलं म्हणून महापौराची गोष्टही त्याच जहाजातून आली, असं होत नाही.

आणखी एक तपशील मजकुरात कधीच नसतो. चार्ल्स लिंचच्या ‘कायद्या’चा भर फटक्यांवर होता, फासावर नव्हता. शब्दाला जीव घेण्याचा अर्थ चिकटला तो 1830 च्या दशकापासून. जुलै 1835 मध्ये मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गमध्ये जमावाने पाच जुगाऱ्यांना फाशी दिली. 1836 मध्ये सेंट लुइसमध्ये फ्रान्सिस मॅकिंटॉश या कृष्णवर्णीयाला झाडाला बांधून जिवंत जाळलं. यादवी युद्धानंतर हा दक्षिणेत कृष्णवर्णीयांना दहशतीत ठेवण्याचा मार्ग झाला. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार 1882 ते 1968 या काळात 4,743 माणसं अशी मारली गेली, त्यांतली 3,446 कृष्णवर्णीय. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी 1892 पासून हे आकडे आणि त्यांमागच्या खोट्या सबबी चव्हाट्यावर आणल्या, त्यापायी मेम्फिसमधलं त्यांचं वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त झालं. लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत व्हायला 29 मार्च 2022 उजाडला.

आता हे सगळं बाजूला ठेवू आणि घटकाभर गॉलवेची दंतकथा शब्दशः खरी मानू. तरी ते लिंचिंग ठरतं का? कथेत आरोपी कबुली देतो, पदावरचा न्यायाधीश शिक्षा सुनावतो आणि अमलात आणतो. जमाव आहे, पण तो वॉल्टरला सोडवायला जमलेला आहे. लिंचिंगमध्ये जमावच फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी असतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं गेलं. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, आणि मागे होती मोबाइलवर फिरलेली अफवा. या प्रकाराला निःपक्ष बापाच्या न्यायाची जन्मकथा चिकटवणं म्हणजे नुसती माहितीतली चूक राहत नाही. खुनाला रुबाब मिळतो. माझा या मजकुरावरचा मुख्य राग हाच आहे.

“विली लिंच नावाच्या गुलाममालकावरून शब्द आला.”

गॉलवेचा मजकूर खोडला की हा दुसरा पुढे येतो, म्हणून दोन ओळी. 1712 मध्ये जेम्स नदीकाठी विली लिंचने मळेवाल्यांना गुलाम कसे दाबून ठेवावेत यावर भाषण दिलं, असं म्हणतात. ते ‘भाषण’ 1990 च्या दशकात पसरलं, 1995 च्या वॉशिंग्टनमधल्या मोठ्या मोर्चात व्यासपीठावरून उद्धृत झालं, आणि त्यात विसाव्या शतकातले इंग्रजी शब्दप्रयोग ठासून भरले आहेत. बनावट आहे. सोडा.

“लिंच नावाचं सगळं एकाच घराण्याचं.”

आयर्लंडमध्येच लिंच एका मुळाचे नाहीत. गॉलवेचे व्यापारी लिंच नॉर्मन वंशाचे मानले जातात. कॉर्क, क्लेअर, डोनेगल अशा भागांत हेच आडनाव गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतल्या, ‘ओ लोइंग्शिग’चं इंग्रजी रूप आहे. आपल्याकडे कोल्हापूरचे पाटील आणि जळगावचे पाटील एकमेकांचे सोयरे असलेच पाहिजेत असं कुणी धरत नाही, तसंच. आयर्लंडचे पंतप्रधान झालेले जॅक लिंच कॉर्कचे. 1941 ते 1946 सलग सहा वर्षं त्यांनी अखिल आयर्लंड अजिंक्यपद पटकावलं, पाचदा हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळात आणि एकदा गेलिक फुटबॉलमध्ये. ली नदीखालचा 1999 चा बोगदा त्यांच्या नावाचा आहे.

व्हर्जिनियातलं लिंचबर्ग हे चार्ल्सच्या भावाचं, जॉनचं. सतराव्या वर्षी, 1757 मध्ये, त्याने जेम्स नदीवर तराफ्याची फेरी सुरू केली आणि 1786 मध्ये तिथे रीतसर गाव वसलं. हे कुटुंब क्वेकर या शपथ घेणं वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. चार्ल्सला शपथ घेतल्याबद्दल 1767 मध्ये पंथातून काढलं. जॉन पंथात राहिला आणि गुलामगिरीच्या विरोधात होता. गावाच्या नावात लोक झाडाला लटकलेली माणसं शोधतात, आणि निघते ती होडी.

मेरिल लिंच म्हणजे चार्ल्स मेरिल आणि 1915 च्या सुमारास त्याच्यासोबत आलेला बाल्टिमोरचा एडमंड लिंच. मुंबईत ‘डीएसपी मेरिल लिंच’ची पाटी पाहिलेल्यांना हे आडनाव ओळखीचं वाटेल, पण ते भागीदाराचं आहे, महापौराचं नव्हे. कर्करोगतज्ज्ञ ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतात तो आतड्याच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका ओमाहाच्या हेन्री लिंच या डॉक्टरच्या नावावर.

उरली वाइन आणि चे. इथे मजकूर बरोबर आहे. इंग्लंडच्या राजाविरुद्धची लढाई हरल्यावर गॉलवेचा जॉन लिंच 1691 मध्ये बोर्दोला गेला. त्याचा मुलगा तोमा याने तिथल्या द्रुइयार घराण्यात लग्न केलं आणि 1749 मध्ये पोयाकजवळचा बाजचा मळा लिंचांकडे आला. 1855 च्या बोर्दोच्या वाइनच्या वर्गवारीत तो पाचव्या श्रेणीत बसला, पण तोवर लिंचांनी मळा विकून तीस वर्षं झाली होती. नाव तेवढं राहिलं. याच घराण्यातला जाँ-बातिस्त लिंच बोर्दोचा महापौर होता आणि नेपोलियनची बाजू सोडून 12 मार्च 1814 रोजी त्याने शहर इंग्रजांच्या फौजेसाठी उघडलं. लिंच महापौराची थरारक गोष्ट सांगायचीच असेल तर ही आहे, कागदोपत्री.

अर्जेंटिनाची शाखा गॉलवेत 1715 मध्ये जन्मलेल्या पॅट्रिक लिंचपासून निघते. चिलीच्या नौदलातला सेनानी पात्रिसिओ लिंच तिच्यातला, आणि चे गेव्हाराचे वडील एर्नेस्तो गेव्हारा लिंचही. मुलाच्या नसांत आयरिश बंडखोरांचं रक्त होतं, असं वडील म्हणत. 2017 मध्ये आयर्लंडच्या टपाल खात्याने चेचं एक युरोचं तिकीट काढलं, त्यावरून देशात वादळ उठलं, आणि तिकिटं हातोहात खपली.