सिस्टिमच्या आड लपायचं बंद करा

आज डोकं प्रचंड फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

भोसरीतल्या एका कंपनीत मी पीपीसीला, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे हे तुम्हाला माहितीये. आज सकाळी आमच्या स्टोअरच्या काकांना साहेब सगळ्या शॉपसमोर, म्हणजे मशीनवरच्या सगळ्या लोकांसमोर बोलले, "कॉम्प्युटर जमत नसेल तर घरी बसा." काकांचं अख्खं आयुष्य त्या स्टोअरमध्ये गेलंय. कुठला स्टीलचा बार कुठल्या रॅकला आहे, कुठल्या लॉटला मागे क्रॅक निघाला होता, सगळं तोंडपाठ. आणि त्यांची चूक काय, तर काहीच नाही.

ज्यांना फॅक्टरीतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी आली की गेट एन्ट्री, मग काटा, मग स्टोअरला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग क्यूसी (मालाची तपासणी), आणि त्यानंतरच माल स्टॉकला दिसतो. स्टीलचा बार किलोवर येतो. आता सप्लायरचा काटा आणि आपला काटा तंतोतंत जुळला असं मी तरी कधी पाहिलं नाही, एका गाडीमागे दहा-वीस किलो इकडेतिकडे होणारच. पूर्वी काका काटा पावतीवर फरक लिहायचे, सही करायचे, माल आत. नवीन ईआरपीत (कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, शून्य ठेवलाय. सप्लायरच्या डिलिव्हरी चलनावरचं वजन आणि आपलं वजन जुळलं नाही की जीआरएन होतच नाही. म्हणजे बार डोळ्यासमोर पडलाय, सिस्टिममध्ये स्टॉक शून्य, माल मशीनला द्यायची इश्यू स्लिप निघत नाही, मशीन उभं, ऑपरेटर हात बांधून उभा, आणि कस्टमरचा फोन की लाइन थांबली तर डेबिट नोट काढतो, म्हणजे नुकसान आमच्या पैशातून कापतो. आणि शिव्या कोणाला? काकांना.

हा शून्य कॉम्प्युटरने ठरवलाय का? तो मीटिंगमध्ये ठरलाय, एसीत बसून, गळती थांबवायची म्हणून. त्या मीटिंगला कन्सल्टंट होते, फायनान्स होतं, स्टोअरचं कोणी नव्हतं. जो माणूस रोज काट्यावर उभा राहतो त्याला काट्याबद्दल विचारायचंच नाही, ही कुठली पद्धत? आणि वर लाइव्ह कधी केलं, तर सणासुदीच्या तोंडावर, जेव्हा शेड्यूल सगळ्यात जास्त असतं!

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेटवाल्यांनी १९९९ मध्ये हेच केलं. जुलैत नवीन सिस्टिम चालू केली आणि समोर हॅलोविन, म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा सीझन. चॉकलेट गोदामात पडून आणि जवळजवळ १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. एवढी मोठी कंपनी, तिला तारीख पुढे ढकलता आली नसती का?

बरं, जुनी रजिस्टरं फार स्वच्छ होती असं मी म्हणणार नाही. खाडाखोड व्हायची, माल गायब पण व्हायचा, मान्य. २०१७ ला जीएसटी आल्यापासून रिटर्न ऑनलाइन, नंतर ई-वे बिल आलं, आता संगणक नको म्हणणं शक्यच नाही, आणि मी म्हणतही नाहीये. माझं प्लॅनिंग सिस्टिमवरच चालतं आणि चांगलं चालतं.

आयटीतल्या पोरावरही माझा राग नाही. बिचारा सकाळपासून जेवला नव्हता. मला म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटांचं सेटिंग आहे, फक्त अप्रूव्हल पाहिजे, कालच मेल टाकलाय." अप्रूव्हल कोणाचं? त्याच साहेबांचं! म्हणजे मेल ह्यांच्या इनबॉक्सला पडून, आणि हे खाली येऊन काकांना घरी बसवतायत. आता लिहिताना पण हात थरथरतायत.

मॅनेजमेंटला हे सोयीचं पडतं. निर्णय आपला, पण समोर नाव सिस्टिमचं. सिस्टिमशी भांडता येत नाही, मग सगळ्यात खालच्या माणसाला धरायचं. इंग्लंडच्या पोस्टात तर ह्याचा कळस झाला. फुजित्सूचं होरायझन नावाचं सॉफ्टवेअर १९९९ पासून लावलं, ते हिशोबात खोटी तूट दाखवायचं, आणि वरचे लोक म्हणायचे आपल्या दुकानातून पोस्ट चालवणारे पोस्टमास्तरच चोर. ९०० च्या वर लोकांना दोषी ठरवलं. सीमा मिश्रा म्हणून आपल्या भारतीय वंशाच्या बाई, त्यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात टाकलं. सिस्टिममध्येच दोष होते हे कोर्टाने २०१९ ला सांगितलं, आणि उरलेल्यांच्या शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये कायदा करावा लागला. एवढी वर्षं वरच्या कोणाला वाटलं नाही की एवढी साधी, दुकान चालवणारी माणसं एकदम चोर कशी झाली?

आमचे काका तुरुंगात जाणार नाहीत, मला कळतं. पण दुपारी डबा न उघडता बसले होते आणि मला म्हणाले, "ताई, मी मुद्दाम केलं असं वाटलं का हो साहेबांना?" काय उत्तर देऊ मी? मी त्यांना चहा आणून दिला आणि काटा पावत्यांची फाइल घेऊन बसले. मागच्या सगळ्या गाड्यांचा फरक काढलाय, तो एका शीटमध्ये टाकलाय. कोणीही बघावं, प्रत्येक गाडीला थोडा फरक आहेच, कधी जास्त कधी कमी.

ती शीट उद्या सकाळी साहेबांना पाठवतेय, कॉपी डायरेक्टरांना. दोन गोष्टी मागितल्यात. टॉलरन्स किती ठेवायचा ते काकांना विचारून ठरवा, आणि असं प्रत्येक सेटिंग कोणी मंजूर केलं त्याचं नाव आणि तारीख शॉपवरच्या माणसाला स्क्रीनवर दिसू दे. पुढच्या महिन्यात डिस्पॅचचं मॉड्यूल येतंय, त्या मीटिंगला डिस्पॅचचा माणूस नसेल तर मी पण बसणार नाही, हे पण लिहिलंय. चाकण-रांजणगाववाल्यांनो, तुमच्याकडे वजनाचा टॉलरन्स किती ठेवलाय आणि तो कोण ठरवतं, कमेंटमध्ये टाका, सकाळी मेल टाकायच्या आधी मला ते पाहिजे आहे.